रास्पबेरी पायच्या छापील माउंटचा तोच खांब पुन्हा पुन्हा का तुटतो

मार्च ते ऑक्टोबर या आठ महिन्यांत मी एकाच रास्पबेरी पाय बोर्डासाठी (हा तळहाताएवढा संगणक) थ्रीडी प्रिंटरवर पाच माउंट, म्हणजे तो भिंतीवर धरणारी प्लेट, प्रिंट केली. पहिलं उष्णतेने वाकलं. पुढची तीन तुटली. बोर्ड ज्या चार खांबांवर बसतो त्यातला एकच खांब दर वेळी बुडातून तुटला, आणि तिन्ही वेळा तोच: यूएसबीच्या बाजूचा, खालच्या कोपऱ्यातला. हे ध्यानात यायला तिसरी मोडतोड व्हावी लागली, कारण दर वेळी मी तुटका तुकडा फेकून देऊन नवीन प्रिंट लावत होते. सोसायटीच्या ग्रुपवर मीच टाकलेले जुने फोटो एकापाठोपाठ एक पाहिले तेव्हा कुठे दिसलं. तुमचंही माउंट वारंवार तुटत असेल तर सगळ्यात आधी एवढं करा: तुटलेला भाग, कुठल्या कोपऱ्यातला ते पेनाने लिहून, डबीत जपून ठेवा. पुढचं सगळं निदान त्या तुकड्यावरून होतं.

बोर्ड काय काम करतो ते सांगते, म्हणजे एवढा खटाटोप कशासाठी ते कळेल. आमच्या वारज्याच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी येतं, खालच्या टाकीत साठतं आणि पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं. वरची टाकी भरली की पंप थांबवायचं काम या रास्पबेरी पाय ४ चं. टाकीच्या झाकणाखालचा सेन्सर आरएस४८५ कन्व्हर्टरमधून (सेन्सरचा सिग्नल यूएसबीला समजेल असा करणारा छोटा जोड) यूएसबीला जोडलाय, आणि वायफाय गच्चीपर्यंत पोचत नाही म्हणून खाली पंपाच्या पॅनेलपर्यंत इथरनेटची केबल टाकली आहे. बोर्ड बसवलाय लिफ्टच्या मशीनरूमला लागून असलेल्या, पत्र्याचं छत असलेल्या खोलीत. खांब तुटला की बोर्ड केबलींना लोंबकळतो, कन्व्हर्टर पोर्टातून निसटतो आणि पाण्याची पातळी कळणं बंद होतं. जुलैत असं झालं तेव्हा पाऊण तास टाकी वाहत होती. खडकवासल्याचं प्यायचं पाणी गच्चीच्या पन्हाळीतून गटारात जाताना पाहून मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. (सेन्सर गप्प झाला तर पंप आपोआप बंद व्हावा, ही दुरुस्ती मी त्याच रात्री केली. तुमच्याकडे असं काही असेल तर माउंटच्या आधी ती करा.)

तुटलेला तुकडा काय सांगतो

खांब तुटण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. सरसकट "प्लास्टिक कमजोर आहे" म्हणून चालत नाही.

खांब तुटलेला नाही, पण कलला आहे किंवा प्लेटला पोक आलंय, तर ते उष्णतेचं काम. पीएलए हे प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक साधारण ५५ ते ६० अंशांना मऊ व्हायला लागतं. एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त असतो, आणि वर बोर्डाची स्वतःची उष्णता. पाय ४ ची चिप ८० अंशांना पोचल्यावर स्वतःचा वेग कमी करायला लागते, म्हणजे तोवर ती निवांत तापत राहते. माझं पहिलं माउंट पीएलएचं होतं आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बोर्ड पुढे झुकलेला सापडला. दुसऱ्या प्लास्टिकांपैकी पीईटीजी साधारण ८० अंशांपर्यंत टिकतं, एबीएस आणि एएसए १०० च्या आसपास. गच्ची, गॅरेज, गाडी, देवघरामागचं बंद कपाट, यातल्या कुठल्याही जागी पीएलए वापरू नका. हा प्रश्न इथेच संपतो, त्यावर जास्त विचार करायची गरज नाही.

खांबाला उभी चीर गेली असेल तर होल लहान आणि स्क्रू मोठा, किंवा पितळी इन्सर्ट (खांबात गरम करून बसवायची आटेवाली नळी) घाईने आणि गार असताना दाबलाय. स्क्रू नुसताच फिरत असेल तर आटे गेले. प्लास्टिकमध्ये थेट पिळलेला स्क्रू चार-पाच वेळा काढ-घाल केला की आटे मरतातच. माझ्या पहिल्या डिझाइनमध्ये मेमरी कार्ड काढायला बोर्ड उतरवावा लागत होता, कारण कार्डाचा खाचा बोर्डाच्या खालच्या अंगाला, यूएसबीच्या विरुद्ध कडेला असतो आणि तिथे मी प्लेट सलग ठेवली होती. त्या कडेला बोटाएवढा काप दिला की हा त्रास जातो.

आणि चौथा प्रकार, माझा. खांब आडवा तुटलाय, तुटलेली बाजू सपाट आणि गुळगुळीत आहे, भिंगातून पाहिलं तर लेअरच्या, म्हणजे प्रिंटरने एकावर एक चढवलेल्या थरांच्या, गोल रेघा वहीच्या पानांसारख्या स्वच्छ दिसतात. पांढरा पडलेला, ओढाताण झालेला भाग जवळजवळ नाही. याचा अर्थ प्लास्टिक फाटलेलं नाही, दोन लेअर एकमेकांपासून सुटलेत. उभा प्रिंट केलेला खांब म्हणजे एकावर एक रचलेल्या चकत्या. वरून दाबलं तर त्या हवा तेवढा भार घेतात. वर ओढलं किंवा आडवं ढकललं तर त्या सुटतात, आणि सुटतात त्या बुडापाशी, कारण तिथे वाकवण्याचा जोर सगळ्यात जास्त असतो.

जे करून काही फरक पडला नाही

पीईटीजीचं पहिलं माउंट जूनमध्ये तुटलं तेव्हा मी इनफिल (भिंतींच्या आतला भराव) २० टक्क्यांवरून १०० टक्के केलं. बहुतेक सगळे हेच करतात, आणि याचा इथे काडीचाही उपयोग नाही. हिशोब करून पाहा. खांबाचा व्यास ६ मिमी, मधलं होल २.१ मिमी, म्हणजे भिंत जेमतेम १.९५ मिमी जाडीची. ०.४ मिमीच्या नोझलची (प्रिंटरच्या प्लास्टिक सोडणाऱ्या तोंडाची) एक रेघ साधारण ०.४५ मिमी रुंद पडते. बाहेरून तीन रेघा आणि होलच्या बाजूने तीन रेघा दिल्या की २.७ मिमी होतात, म्हणजे भिंत आधीच भरगच्च आहे. इनफिलला जागाच उरत नाही. मी फक्त प्लेट जड केली आणि प्रिंटचा वेळ दीड तासाने वाढवला. तो खांब जुलैत तुटला.

मग मला वाटलं स्क्रू दोषी आहे. तपकीर गल्लीतून एम२.५ चे पितळी इन्सर्ट आणले आणि सोल्डरिंग आयर्नने बसवले. इन्सर्ट ही चांगली वस्तू आहे, आटे मरायचा प्रश्न ती कायमचा मिटवते. पण त्यासाठी होल साडेतीन मिमीच्या आसपास लागतं, आणि बोर्डावर होलभोवती साधारण ६ मिमीचं रिंगण मोकळं असल्यामुळे खांब माथ्याशी फार जाड करता येत नाही. म्हणजे भिंत उरते सव्वा मिमी. आटे पक्के झाले, खांब आणखी हडकुळा झाला. सप्टेंबरात तोही गेला, त्याच कोपऱ्यातला, इन्सर्टच्या खालून.

पावसाळ्यात पीईटीजी ओलावा धरतं हेही खरं. प्रिंट करताना नोझलमधून चटचट आवाज येत असेल आणि धागे लोंबत असतील तर प्लास्टिकच्या तारेचं रीळ ६५ अंशांवर चार-सहा तास वाळवून घ्या, आणि पीईटीजीला प्रिंटरचा पंखा पूर्ण वेगाने लावू नका, अर्ध्याहून कमीच ठेवा. लेअर एकमेकांना नीट चिकटायला ऊब लागते. या दोन्हीने खांब मजबूत झाला असेल, पण माझं दुखणं तिथे नव्हतं. तसं असतं तर चारपैकी कुठलाही खांब तुटला असता.

"तुटला नाहीये, उपटलाय"

खालच्या मजल्यावरचे काका भोसरीच्या कारखान्यात आयुष्यभर फिटर होते. सप्टेंबरात मी गच्चीवर तुटकं माउंट हातात घेऊन उभी होते तेव्हा ते टाकी बघायला वर आले होते. त्यांनी तुकडा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "अगं, हा तुटला नाहीये, हा उपटलाय. कोणीतरी याला वर ओढत होतं."

मी म्हटलं, "काका, बोर्डाचं वजन पन्नास ग्रॅमच्या आत आहे. ओढणार कोण?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. भिंतीवर प्लेट अजून चार स्क्रूंनी बसवलेली होती. त्यांनी स्क्रूड्रायव्हर मागितला आणि खालचा उजवा स्क्रू सोडायला लागले. दोन फेरे सुटले तशी प्लेटची ती बाजू भिंतीपासून आपोआप पुढे आली. स्क्रू पूर्ण निघाला तेव्हा प्लेट आणि भिंत यांच्यात करंगळीचं नख शिरेल एवढी फट होती. त्यांनी स्टीलची पट्टी भिंतीला लावून दाखवली: त्या कोपऱ्यात प्लास्टर खोलगट आहे. माझी ३ मिमीची पातळ प्लेट चार स्क्रूंनी मी त्या खळग्यात ओढून धरली होती.

आता पुढचं चित्र आपोआप उलगडतं. प्लेट पिळवटली की चार खांबांचे माथे एका पातळीत राहत नाहीत. खळग्याच्या बाजूचा खांब मागे सरतो. बोर्ड मात्र ताठ असतो, काचतंतूंचा बनलेला. तो उरलेल्या तीन खांबांवर टेकतो आणि चौथ्यावर अधांतरी राहतो. मी वरून स्क्रू पिळते. एम२.५ चा स्क्रू एका फेऱ्यात ०.४५ मिमी पुढे जातो, म्हणजे ०.२ मिमीची फट अर्ध्या फेऱ्यात मिटते आणि हाताला काही कळतही नाही. ती फट मिटवताना स्क्रू खांबाला वर खेचतो. तेव्हापासून त्या खांबाचे लेअर रात्रंदिवस ताणाखाली असतात. ताणाखालचं प्लास्टिक हळूहळू सरकत राहतं, बुडाशी बारीक चीर पडते, आणि मग कुठलंही निमित्त पुरतं.

मी दर वेळी माउंट टेबलावर ठेवून तपासत होते आणि टेबलावर ते दर वेळी सपाट होतं. तपासायचं होतं भिंतीवर बसवल्यानंतर.

ही चाचणी तुम्ही आजच करू शकता आणि तिला काही लागत नाही. प्लेट तिच्या कायमच्या जागी बसवा. बोर्ड खांबांवर नुसता टेकवा, स्क्रू लावू नका. झेरॉक्सच्या कागदाची एक पट्टी कापा, तो कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. बोर्ड समोरच्या दोन कोपऱ्यांवर बोटाने दाबून धरून पट्टी प्रत्येक खांबाच्या माथ्यावरून सरकवून पाहा. एका खांबावर ती सहज आत गेली तर स्क्रू पिळू नका. तिथे पुढचा खांब तुटणार आहे, किंवा खांब टिकला तर बोर्ड वाकणार आहे आणि त्यावरचे सोल्डरचे जोड सोसणार आहेत. बोर्डाचं नुकसान माउंटपेक्षा कितीतरी महाग पडतं.

निमित्त कोण होतं

ताण भिंतीने दिला, पण शेवटचा धक्का केबलने. पायच्या होल्सची मांडणी नीट पाहा. बोर्ड ८५ मिमी लांब आणि ५६ मिमी रुंद. होल्स कडेपासून ३.५ मिमी आत सुरू होतात आणि त्यांच्यातलं अंतर ५८ आणि ४९ मिमी. म्हणजे लांबीच्या दिशेने दुसरी जोडी ६१.५ मिमीवर संपते आणि तिथून पुढे २३.५ मिमी बोर्ड हवेत असतो. त्याच हवेतल्या भागात सगळी यूएसबी आणि इथरनेट पोर्ट आहेत, जी बोर्डाच्या कडेच्याही थोडी बाहेर येतात. प्लग खुपसताना, उपसताना, केबल ताणली गेली की सगळा जोर त्या सज्जावर पडतो आणि तो जवळच्या दोन खांबांना वाकवतो.

माझा बोर्ड आडवा लावलेला होता, पोर्ट उजवीकडे. पाय ४ मध्ये इथरनेट वरच्या बाजूला, पिनांच्या रांगेकडे आलं आणि यूएसबी खाली गेले. पाय ३ मध्ये हे उलट होतं, त्यामुळे जुन्या बोर्डाचा कप्पा नव्याला लागत नाही. खालच्या यूएसबीत कन्व्हर्टर, त्याला लोंबणारी सेन्सरची जाड वायर. शेजारी लिफ्टची मोटर सुरू झाली की भिंत किंचित थरथरते आणि ती वायर झुलते. ताणाखाली असलेल्या खांबाला दिवसभर कोणीतरी हलके हलके हलवत होतं.

पाचवं माउंट

ऑक्टोबरमध्ये मी जुनी फाइल बाजूला ठेवून कोऱ्या पानावरून सुरुवात केली, आणि या वेळी बोर्डाच्या आधी भिंत आणि केबली काढल्या.

भिंतीला आता तीनच स्क्रू. तीन दगडांची चूल कशाही जमिनीवर मांडा, डुगडुगत नाही. तीन बिंदूंना नेहमी एक पातळी सापडते. चौथा स्क्रू आला की भिंत प्लेटला पिळायला लागते. तीन ठिकाणी प्लेटच्या मागे २ मिमी उंचीची गोल बैठक दिली, म्हणजे प्लेट भिंतीला टेकते ती फक्त तिथे, बाकी प्लास्टरचे उंचवटे मोकळे राहतात. गिट्ट्या आणि स्क्रू नेहमीचेच. प्लेट ३ ऐवजी ४ मिमी केली आणि कडेने ८ मिमी उंचीची पट्टी फिरवली, त्या पट्टीने ती जितकी ताठ झाली तितकी नुसती जाडी वाढवून झाली नसती.

बोर्ड उभा केला, पोर्ट खाली. केबली सरळ खाली उतरतात, सज्जावर आडवा जोर येत नाही, आणि उभ्या बोर्डाभोवती गरम हवा वर चढून जाते. छतातून एखादा थेंब केबलीवरून ओघळला तर तोही खाली जातो, पोर्टात शिरत नाही. प्लेट पोर्टांच्या पुढे ५० मिमी वाढवली आणि तिच्यात केबल टायसाठी खाचांच्या दोन जोड्या दिल्या. प्रत्येक केबलीला थोडी ढील ठेवून टायने प्लेटलाच बांधलं, त्यामुळे ओढ आली तरी ती प्लेट घेते, बोर्डापर्यंत पोचत नाही. इथरनेटची केबल व्यासाच्या चौपटीहून आवळून वळवू नये, म्हणजे ६ मिमीच्या केबलीला निदान २५ मिमीचं वळण. ५० मिमी जागा त्यासाठीच ठेवली. सगळ्या बदलांतला एकच करायला वेळ असेल तर हा करा.

खांब १० मिमीवरून ५ मिमीवर आणले. बोर्डाच्या खालून पिनांची टोकं आणि कार्डाचा खाचा यांना २-३ मिमी पुरतात, १० मिमी मी उगाच ठेवले होते. उंची निम्मी झाली की बुडाशी वाकवणारा जोर निम्मा होतो. माथ्याशी ६ मिमी, पण बुडाशी ९ मिमी असा निमुळता आकार दिला. गोल खांबाची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, त्यामुळे ६ चे ९ केले की ती तिपटीहून जास्त होते. प्लास्टिक खर्च होतं चिमूटभर.

आणि सगळ्यात मोठा बदल: खांबात स्क्रू पिळणं बंद. आता स्क्रू प्लेटच्या मागून येतो, खांबातून आरपार जातो, बोर्डातून वर निघतो आणि वर नायलॉनचा वॉशर आणि नट. नट आवळला की स्क्रूचं डोकं आणि नट मिळून खांबाच्या चकत्या एकमेकांवर दाबून धरतात. लेअरना सुटायचं असेल तर आधी हा दाब मोडावा लागतो. उड्डाणपुलाच्या काँक्रीटच्या गर्डरमधून ताणलेल्या तारा याच कारणासाठी घालतात: काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. उभ्या प्रिंट केलेल्या खांबाचा स्वभाव अगदी तोच आहे.

मापं सांगते, तुम्हाला थेट वापरता येतील. मागच्या बाजूने डोक्यासाठी ५ मिमी व्यासाचा, २.८ मिमी खोल खळगा. एम२.५ ॲलन स्क्रूचं डोकं ४.५ मिमी रुंद आणि २.५ मिमी उंच असतं, ते पूर्ण आत बसतं. प्लेटचे उरलेले १.२, खांबाचे ५, बोर्डाचे साधारण १.५, वॉशरचा ०.५ आणि नटाचे २: बेरीज १० मिमीच्या जरा वर. म्हणून १२ मिमीचा स्क्रू घ्या. रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतात, पण एम२.५ म्हणूनच मागा आणि एक नट दुकानातच फिरवून पाहा, एम३ बरोबर गल्लत सहज होते. वॉशर ६ मिमीपेक्षा मोठा नको, नाहीतर तो शेजारच्या भागांवर चढतो.

खळगा प्लेटच्या तळाशी, म्हणजे प्रिंटरच्या बेडकडे (ज्यावर प्रिंट होतं त्या पाटाकडे) येतो आणि त्याचं छत हवेत प्रिंट होतं. मध्ये होल असेल तर नोझलला आधारच मिळत नाही आणि गोल कडा लोंबते. यावर सोपी युक्ती: खळग्याच्या छतावर होल न ठेवता एक लेअरचा, ०.२ मिमीचा पडदा राहू द्या. प्रिंटर खळग्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रेघा ओढतो, त्या नीट पडतात. नंतर स्क्रूच्याच टोकाने पडदा फोडा. सपोर्ट, म्हणजे खालून छापायचा तात्पुरता आधार, लागत नाही.

होल्स जुळत नसतील तर

बोर्डाची होल्स २.७ मिमीची, स्क्रू २.५ चा. चार होल्समध्ये मिळून चूक करायला ०.२ मिमीच जागा आहे. पीएलएचं आकुंचन ०.३ टक्के धरलं तरी ५८ मिमीवर ते ०.१७ मिमी होतं. त्यात प्रिंटरचा पट्टा थोडा सैल असला की संपलं. तिरकस बसवलेला स्क्रू खांबाला आयुष्यभर बाजूला ढकलत राहतो, तोही तुटण्याचा एक धीमा मार्ग आहे.

सुतार चौकट गुण्यात आहे का ते बघायला दोन्ही कर्ण मोजतो. इथेही तेच करा. ५८ आणि ४९ चा कर्ण ७५.९ मिमी येतो. व्हर्नियरने दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखेच कमी असतील तर आकुंचन आहे, स्लायसरमध्ये (फाइल प्रिंटरसाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तेवढ्या टक्क्याने मोठं करा. एक लांब आणि एक आखूड असेल तर प्रिंटरचे अक्ष काटकोनात नाहीत, फाइलमध्ये कितीही बदल केला तरी ते सुधारणार नाही, मशीनची चौकट सरळ करावी लागेल.

छापलेलं होल नेहमी काढलेल्यापेक्षा लहान येतं, साधारण ०.२ ते ०.४ मिमीने. गरम प्लास्टिकची रेघ वळणावर आतल्या बाजूला ओढली जाते. शिवाय फाइलमधलं वर्तुळ खरं वर्तुळ नसतं, सरळ रेघांचा बहुभुज असतो, आणि त्या रेघा वर्तुळाच्या आतून जातात. ओपनएससीएडी या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काढत असाल तर बाजूंची संख्या ६० च्या पुढे ठेवा. माझ्या प्रिंटरवर ३.२ चं होल २.९ येतं आणि आरपार स्क्रूसाठी तेच हवंय: स्क्रू खांबात थोडा हलू शकतो आणि बोर्डाच्या होलमध्ये आपली जागा शोधतो. आरपार पद्धतीचा हा दुसरा फायदा मला आधी सुचलाच नव्हता.

पूर्ण माउंट लावण्याआधी फक्त चार होल्सची २ मिमी जाडीची चौकट प्रिंट करा. पंधरा-वीस मिनिटांत होते आणि तीन तासांची प्रिंट वाचते. त्याहीआधी कागदावर रेखाचित्र छापून बोर्ड त्यावर ठेवायचा असेल तर प्रिंटरच्या खिडकीत पानाला बसवण्याचा पर्याय बंद करून १०० टक्के ठेवा, आणि कागदावरचे ५८ मिमी पट्टीने मोजल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नका.

बोर्ड दुसरा असेल तर माझी मापं उचलू नका. ५८ बाय ४९ ची मांडणी २०१४ च्या बी प्लस मॉडेलपासून पाय ५ पर्यंत तीच आहे, पण पाय झीरोची ५८ बाय २३ आहे. अर्डुइनो उनोची चार होल्स चौकोनात नाहीतच, होलही ३.२ मिमीचं आहे. ईएसपी३२ चे बोर्ड प्रत्येक उत्पादक आपल्या मापाने बनवतो आणि काहींना होल्सच नसतात. तिथे खांबांचा नाद सोडून कडेने धरणारी खोबण काढा.

बसवल्यानंतर

नट हाताने जेवढा घट्ट होतो त्यापुढे पाव फेरा, बस. प्लास्टिक दाबाखाली थोडं बसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पाहा. माझे चारही नट दुसऱ्या दिवशी अंदाजे पाव फेरा सैल होते. ते आवळून प्रत्येकावर नेलपॉलिशचा थेंब सोडला. त्यासाठी थ्रेडलॉकर (आटे चिकटवायचं द्रव) वापरू नका, तो काही प्लास्टिकना चिरा पाडतो.

कागदाची पट्टी आता चारही खांबांवर अडते. काकांनी स्वतः सरकवून पाहिली, दोनदा. ऑक्टोबरपासून आज फेब्रुवारीपर्यंत माउंट जागचं हललेलं नाही. पीईटीजीला अजून एप्रिल पाहायचा आहे, म्हणून एएसएचं एक रीळ आणून ठेवलंय आणि हीच फाइल त्यात छापून तयार आहे. ज्या गुरुवारी पाणी बंद असतं त्या दिवशी मी वर जाते, खांबांच्या बुडाशी टॉर्च मारून चिरा बघते आणि केबल टाय चाचपते. पाच मिनिटं लागतात.